कमानीसमोरचा दिवस

सिडनीत राहून जलरंगात काम करणाऱ्या माझ्यासारख्या चित्रकार बाईकडे हार्बर ब्रिजची मागणी वर्षभर येत राहते. या जुलैत वेंटवर्थव्हिलच्या एका मराठी जोडप्याने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी तोच पूल सांगितला. भारतातून नवे आले होते तेव्हा दोघे सुटीच्या संध्याकाळी ब्लूज पॉइंटच्या हिरवळीवर बसून पूल बघत. फोनवर त्या म्हणाल्या, "ताई, तिथूनच काढा. आणि नुसता लोखंडाचा सांगाडा नको हं, जरा रोमँटिक असू द्या." मी म्हटलं, "होईल. पण सांगाडा आधी नीट उभा करू द्या, बाकीचं त्याच्यावरच येतं." ते चित्र ज्या दिवशी झाले, त्या दिवसाचा हा क्रम.

पहाटे ४:४५

जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. सूर्य सातला उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. उजेड जेमतेम दहा तासांचा, म्हणून अंधारातच निघावे लागते. ३०० जीएसएमचा कॉटन कागद रात्रीच भिजवून गमटेपने बोर्डावर ताणून ठेवला होता; टिचकी मारली की टणक वाजतो, म्हणजे वॉश टाकल्यावर फुगणार नाही. ब्रश तीनच: मोठा मॉप, बारा नंबरचा राउंड आणि बारीक रेषांसाठी रिगर. रंगही मोजके: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लाइट रेड, ॲलिझरिन. पाण्याच्या बाटल्या, थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात पोळी आणि मेथीची भाजी.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे स्केचबुक. आधीच्या काही संध्याकाळी त्याच जागेवरून केलेली पेन्सिलची रेखाटने त्यात आहेत आणि प्रत्येकावर रंगांची नावे लिहिलेली आहेत: क्षितिजाशी निळसर राखी, त्यावर फिकट गुलाबी, मनोऱ्यावर मधासारखा पिवळा. संध्याकाळचा रंग काही मिनिटांचा असतो, त्याची नोंद आधीच हाताशी हवी. ही सवय मी पूल बांधला जात असताना तो रंगवणाऱ्या चित्रकार ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ यांच्याकडून घेतली. त्याही आपल्या रेखाटनांवर रंगांची टिपणे करत.

५:४०

वेस्टमीडहून गाडी पकडते. सेंट्रल, टाउन हॉल, विनयार्ड झाले की गाडी बोगद्यातून बाहेर येते ती थेट पुलावर. रेल्वेचे रूळ पुलाच्या पश्चिम बाजूला आहेत. पोलादी पट्ट्या खिडकीजवळून सरकत जातात आणि त्यांच्यामधून खाली काळे पाणी, फेरीबोटींचे दिवे दिसतात. ज्याचे चित्र काढायचे त्याच्या पोटातून आधी जायला मिळते, हे या पुलाचे वैशिष्ट्य. दुरून नाजूक दिसणारी प्रत्येक तिरकी रेष जवळून केवढी जाड, रिव्हेटांनी भरलेली आहे हे रोज पाहिले, की चित्रात ती रेष हलक्या हाताने फरकटत नेता येत नाही.

कॉसिंग्टन स्मिथ यांच्या वेळी हा प्रवास असा नव्हता. त्या १८९२मध्ये नॉर्थ शोअरवरच जन्मल्या आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग टरामरा या उपनगरात राहिल्या. १९३२मध्ये पूल सुरू होईपर्यंत त्या बाजूची रेल्वे बंदराच्या काठाशीच संपायची. पुढे शहरात जायला फेरीबोट. म्हणजे येताजाता अर्धवट पूल डोळ्यांसमोर. त्यांच्या चित्रांत त्याबद्दलचे जे कुतूहल दिसते, त्यामागे हे येताजाता पाहणे असावे.

६:३०

नॉर्थ सिडनीला उतरून ब्लूज पॉइंट रोडने उतार धरते. श्वासाची वाफ दिसते आहे. रस्ता थेट पाण्याशी संपतो. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते तो बिली ब्लू हा कृष्णवर्णीय माणूस कैदी म्हणून इथे आणला गेला होता. शिक्षा संपल्यावर त्याने लोकांना होडीने पलीकडे नेण्याचा व्यवसाय केला. पूल नव्हता तेव्हा दोन्ही काठ जोडण्याचे काम अशा नावाड्यांनी केले.

हिरवळीच्या कडेला, पाण्याच्या जवळ मी ईझल लावते. समोर पूर्व-आग्नेयेला अख्खी कमान. डावीकडे मिल्सन्स पॉइंट, उजवीकडे शहर. दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या किंचित डावीकडे, पुलाच्या रस्त्याखालून, ऑपेरा हाउसची पांढरी शिडे दिसतात. ऑपेरा हाउस उघडले १९७३मध्ये. पुलाच्या पहिल्या चित्रांमध्ये ते नाही, हे मी नेहमी लक्षात ठेवते. आज त्याच्याशिवाय सिडनीचे चित्र पुरे होत नाही असे लोकांना वाटते, पण कमान त्याच्याशिवायही पुरी होती.

७:००

सूर्य मिल्सन्स पॉइंटच्या इमारतींमागून येतो. पूल अजून पूर्ण सावलीत, सपाट निळसर काळा. ही वेळ रंगांची नाही, टोनची. पोस्टकार्डाएवढ्या चौकटींत मी फक्त तीन टोन मांडते: आकाश फिके, पाणी मधले, पूल गडद. मग प्रत्येक चौकटीत कमानीची जागा बदलते. एकीत ती बरोबर मध्ये घेतली तर चित्र पर्यटनाच्या जाहिरातीसारखे अडकून बसते. दुसरीत कमान उजवीकडे सरकवून डावीकडे आकाश मोकळे सोडले, की नजर आत शिरायला वाट मिळते. हीच चौकट मी ठरवते.

वाईच्या घाटावर शिकायला बसलो होतो तेव्हा सरांनी घातलेली शिस्त इथेही चालते: आधी गडद काय आणि उजळ काय ते सांगता आले पाहिजे, मग रंग उघडायचा. कृष्णेचा दगडी घाट असो की सिडनीचे पोलाद, टोन चुकला की पुढचा रंग त्याला सावरू शकत नाही.

९:००

आता ड्रॉइंग. या पुलाला सगळे 'कमान' म्हणतात, पण त्यात दोन कमानी आहेत, एक वरची, एक खालची, आणि त्या समांतर नाहीत. मध्यभागी दोघींमधले अंतर सुमारे १८ मीटर, मनोऱ्यांपाशी ते ५७ मीटरपर्यंत वाढते. खालची कमान एका दमात वळत जाते. वरची टोकांशी येताना आपला बाक उलटा करते. पुलाची बहुतेक कमजोर चित्रे इथेच फसतात. दोन्ही रेषा समांतर काढल्या की पूल खेळण्यातला दिसू लागतो. मी आधी दोन्ही टोके, मग माथा, मग वरच्या रेषेचा तो उलटा बाक पकडते. माथा समुद्रसपाटीपासून १३४ मीटर आणि दोन टेकूंमधले अंतर ५०३ मीटर. हे प्रमाण कागदावर पट्टीशिवाय, पेन्सिल हात लांब करून धरून मोजते.

मग मनोरे. मोरूयाच्या खाणीतल्या ग्रॅनाइटने मढवलेले हे चार मनोरे इतके भक्कम दिसतात की पूल त्यांच्यावर तोलला आहे असेच वाटते. खरे तर कमानीचा भार मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेल्या चार प्रचंड बिजागऱ्यांवर जातो. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावले की कमानीचा माथा सुमारे १८ सेंटिमीटर वर उचलला जातो, ती हालचाल या बिजागऱ्या सांभाळतात. हे ठाऊक असल्यामुळे मी चित्रात सर्वांत ठाम, गडद जोर मनोऱ्यांच्या माथ्यावर देत नाही, कमान जमिनीला टेकते तिथे देते. पाहणाऱ्याला यातले काही माहीत नसले तरी पूल कुठे उभा आहे ते त्याच्या डोळ्याला कळते.

कमान २८ भागांत विभागलेली आहे. रोज इथे फिरायला येणारे एक वृद्ध गृहस्थ मागे उभे राहून विचारतात, "सगळ्या पट्ट्या काढणार का?" मी म्हणते, "नाही, मोजणार सगळ्या, काढणार थोड्या." इथून पूल पाऊण किलोमीटरभर दूर आहे. एवढ्या अंतरात हवा असते, ओलावा असतो. प्रत्येक पट्टी सारख्याच धारेने काढली तर ती हवा चित्रातून निघून जाते. पण मोजल्याशिवाय गाळायला गेले तर अंतरे विस्कटतात.

११:००

अकरा वाजून जातात आणि पुलाच्या आपल्याकडच्या बाजूवर ऊन तिरके घसरू लागते. महाराष्ट्रातून आलेल्या चित्रकाराला इथे सगळ्यांत आधी हे पुन्हा शिकावे लागते: दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेकडून येणारा उजेड अंगवळणी पडलेला. इथे सावल्या दक्षिणेला पडतात. ब्लूज पॉइंट उत्तरेच्या काठावर असल्याने ऊन आता डावीकडून आणि थोडे पाठीमागून येते. सकाळभर एकजीव असलेला काळा आकार हळूहळू उलगडतो. आधी वरच्या कमानीची कड, मग उभ्या पट्ट्या, शेवटी आतल्या तिरक्या.

पुलाचा रंग राखाडी आहे. पहिल्या तीन हातांना सुमारे २,७२,००० लिटर रंग लागला आणि एवढ्या प्रमाणात मिळू शकणारा रंग राखाडीच होता, असे सांगितले जाते. मला तो या पुलाला लाभलेला सर्वांत चांगला योग वाटतो. राखाडीला स्वतःचा हट्ट नसतो. सकाळी तो निळा होतो, पावसात पाण्यात विरघळतो, संध्याकाळी तांबूस सोनेरी होतो. पूल लाल किंवा हिरवा असता तर त्याने प्रत्येक प्रहराशी भांडण केले असते. लोक ज्याला या पुलाचे रोमँटिक रूप म्हणतात, त्याचे निम्मे श्रेय या रंगाचे आहे. मी दुपारभर छोट्या कागदांवर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचे राखाडी बनवत राहते, कधी निळ्याकडे झुकलेले, कधी तपकिरीकडे. ट्यूबमधला तयार ग्रे मी वापरत नाही, तो सगळीकडे एकच बोलतो.

१:००

सामान आवरून लॅव्हेंडर बेच्या कडेने चालत वेंडी व्हाइटली यांच्या बागेत डबा खायला जाते. पती ब्रेट व्हाइटली हे या बंदराचे मोठे चित्रकार. १९९२मध्ये ते गेल्यावर वेंडींनी घरासमोरची रेल्वेची पडीक, कचऱ्याने भरलेली जमीन स्वतःच्या हातांनी साफ करायला सुरुवात केली. तिथे आता सर्वांना खुली, दाट झाडांची बाग आहे. झाडांमधून पुलाचा तुकडा दिसतो. खालच्या बाजूला लुना पार्क आहे; तिथेच पुलाचे भाग तयार करणारे कारखाने होते.

पोळी खाताना मला नेहमी पूल बांधला जात असताना या किनाऱ्यावर कागद घेऊन आलेल्या चित्रकार बायका आठवतात. पूल बांधायला १९२३ ते १९३२ एवढी वर्षे लागली. शेकडो घरे पाडली गेली, सोळा कामगार दगावले. सुमारे साठ लाख रिव्हेट हाताने ठोकले गेले; तापवून लाल केलेला रिव्हेट एकाने फेकायचा आणि दुसऱ्याने झेलायचा. कमानीचे दोन अर्धे भाग दोन काठांवरून पाण्यावर पुढे सरकत होते, प्रत्येकाला जमिनीत रोवलेल्या १२८ केबलींनी मागे धरून ठेवलेले. १९ ऑगस्ट १९३०च्या रात्री ते एकमेकांना भिडले.

त्या अपुऱ्या रूपाकडे बायका ओढल्या गेल्या. मेलबर्नच्या जेसी ट्रेल यांनी बांधकामाच्या एचिंगची मालिका केली: क्रेन, दोर, तुळया आणि त्यांच्यात मुंगीएवढी माणसे. डॉरिट ब्लॅक पॅरिसमध्ये आंद्रे ल्होत यांच्याकडे शिकून परतल्या आणि १९३०मध्ये त्यांनी 'द ब्रिज' रंगवले. कमानीची दोन्ही टोके अजून भेटायची आहेत आणि सारे बंदर घनवादी कोनांमध्ये बसवलेले. कॉसिंग्टन स्मिथ यांचे 'द कर्व्ह ऑफ द ब्रिज' १९२८-२९चे. पुढच्या 'द ब्रिज इन कर्व्ह'मध्ये त्यांनी अर्धवट कमानीभोवतीचे आकाशच वलयावलयांनी थरथरते केले. सुट्या, छोट्या फटकाऱ्यांनी लावलेला रंग, आणि पोलादातून उजेड पसरतो आहे असे आकाश. १९३०मध्ये सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनासाठी ते नाकारले गेले. आज ते मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे आणि ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक चित्रकलेची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

या चित्रांत चंद्र नाही, बाकावर बसलेली जोडपी नाहीत. तरी ती भावनेने काठोकाठ भरलेली आहेत, कारण दोन टोकांमधली मोकळी जागा या बायकांनी मन लावून पाहिली.

२:३०

परत जागेवर. बोर्ड किंचित तिरका, कागदावर स्वच्छ पाण्याचा हात आणि लगेच आकाशाचा वॉश. समोरचे आकाश या क्षणी फिके निळे आहे, पण मी टिपणांमधले संध्याकाळचे आकाश टाकते आहे. क्षितिजाशी कोबाल्टमध्ये किंचित लाइट रेड, त्यावर ॲलिझरिनचा अगदी पातळ गुलाबी, माथ्याकडे ऑकरची कोमट छटा. थंडीत कागद सावकाश वाळतो. मुंबईत किंवा पुण्यात मिळत नाही एवढा वेळ इथे रंग एकमेकांत मिसळायला मिळतो. तोच वॉश खाली पाण्यात उतरवते. पुलाची जागा कोरडी ठेवत नाही. आकाश पुलाच्या आरपार जायलाच हवे, म्हणजे पट्ट्यांच्या मधली हवा खरी वाटते. ऑपेरा हाउसची शिडे तेवढी कागदाच्या पांढऱ्यावर सोडते.

३:४५

सूर्य आता वायव्येला कलला आहे. ज्याची दिवसभर वाट पाहिली तो पाऊण तास सुरू होतो. मनोरे मधासारखे पिवळे, पोलादाच्या उन्हातल्या कडा तांबूस, आतल्या पट्ट्या जांभळट निळ्या. बारा नंबरच्या ब्रशने कमानीचा मोठा आकार एका दमात टाकते: डावीकडे ऑकर आणि लाइट रेड, उजवीकडे जाताना अल्ट्रामरीन मिसळत, रंग कागदावरच एकमेकांत जाऊ देत. ओला असतानाच काही कडा पाण्याच्या ब्रशने मोकळ्या करते, त्या आकाशात हरवतात. वाळल्यावर रिगरने सकाळी मोजलेल्या पट्ट्यांपैकी निवडक तेवढ्या. शेवटी कमानीच्या पायथ्याचा गडद जोर.

या वेळी बोलणे नाही, चहा नाही. एक नवपरिणीत जोडपे फोटोग्राफरला घेऊन हिरवळीवर आले आहे, त्यांच्याकडेही नजर जाऊ देत नाही.

४:५५

सूर्य पाठीमागे मावळतो. बहुतेक लोक मावळतीकडे वळून बघतात. माझे काम पूर्वेकडे आहे. काही मिनिटांत पुलामागच्या क्षितिजावर निळसर राखी पट्टा चढू लागतो. ती पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. तिच्या वरचा गुलाबी पट्टा म्हणजे मावळत्या सूर्याचा परतून आलेला लाल उजेड. स्वच्छ हिवाळी संध्याकाळी ही दोन्ही थरांची रचना कमानीच्या बरोबर मागे उभी राहते. मी वॉश आणि आकाश शेजारी शेजारी धरून पाहते. टिपणे खरी निघाली. फक्त राखी पट्टा एक टोन गडद हवा. त्यावर पातळ ग्लेझ देते.

मग पुलावरून एक गाडी जाते, खिडक्यांचे दिवे लागलेले. पश्चिमेच्या रुळांवरून जाताना ती इथून स्पष्ट दिसते. कमानीच्या आडव्या रेषेवर कोमट ठिपक्यांची ओळ. चित्रात जोडपे काढावे का, हा प्रश्न मनात होता, तो इथे सुटतो. जोडपे नको. घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेली ती गाडी पुरेशी आहे. ब्लेडच्या टोकाने वाळलेला रंग खरवडून खिडक्यांचे बारीक उजेड काढते आणि त्यांवर ऑकरचा थेंब.

८:००

घरी दिव्याखाली चित्र भिंतीला टेकवून दुरून पाहते. पाण्यातले एक प्रतिबिंब फार धारदार आहे, ते ओल्या स्पंजने मऊ करते. सही. फोटो पाठवल्यावर थोड्या वेळाने फोन येतो. "ताई, आम्ही इथून घरी जायचो ना, ती हीच गाडी!" मागून त्यांच्या यजमानांचा आवाज: "मनोऱ्याचा रंगही अगदी तसाच आलाय बघ."

शहराच्या चित्रातली भावना वरून ओतता येत नाही. ती मोजमापातून, बरोबर धरलेल्या टोनमधून, योग्य जागी गाळलेल्या रेषेतून येते. पूल उभाच राहिला नाही, तर त्याच्यामागची संध्याकाळ कितीही सुंदर असली तरी ती सजावट ठरते. सिडनीला आलात, तर पुलावर फिरून झाल्यावर आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सलाही जरूर जा. 'द कर्व्ह ऑफ द ब्रिज' त्यांच्या संग्रहात आहे आणि संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. ते भिंतीवर असेल तर त्याच्यासमोर सावकाश उभे राहा. अर्ध्या बांधलेल्या पुलावर एका बाईने किती जीव लावला होता, ते तिथे दिसते.